जादूवर संशोधन करणारं पात्र लिहायचंय? आधी त्याला नीट चुकू द्या

भाचीच्या कादंबरीचा नायक चौदाव्या पानावर ग्रंथालयात शिरतो, रात्रभरात तीनशे पोथ्या वाचतो आणि पहाटे ‘अच्छा, म्हणजे जादू ही कंपनं आहेत तर!’ असं म्हणत बाहेर येतो. पुढच्या दोनशे पानांत त्याचं एकदाही काही चुकत नाही. भाचीनं विचारलं, “आत्या, हुशार वाटतो ना गं?” मी म्हटलं, हुशार नाही वाटत, पेपर फुटल्यासारखा वाटतो.

ती दोन दिवस रुसली. मग म्हणाली, नुसती नावं ठेवू नकोस, कसं लिहायचं ते सांग. म्हणून हे.

माझा अधिकार एवढाच, की सव्वीस वर्षं मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. गाळप हंगामात तीन पाळ्या. रात्रपाळीत दोन सॅम्पलच्या मधे जो वेळ मिळायचा त्यात फॅन्टसी वाचली आणि पुढे लिहायलाही लागले. तीन लांब कथा पाठवल्या, त्यातल्या दोन दिवाळी अंकांत आल्या, एक साभार परत. शोध लावणारं पात्र कसं लिहायचं हे मात्र कथांनी नाही शिकवलं, एका डब्यानं शिकवलं.

डब्याची गोष्ट

एका जानेवारीत रात्रपाळीच्या रसाची शुद्धता पडायला लागली. ब्रिक्स जिथल्या तिथं, पोल मात्र खाली. (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती, पोल म्हणजे त्यातली साखर, पोलरीमीटरवर प्रकाश किती फिरतो त्यावरून काढलेली. पोलला ब्रिक्सनं भागलं की शुद्धता.) चीफ केमिस्ट साहेब म्हणाले, रात्री शिळा ऊस येतो, दुसरं काय. दुपारी तोडलेला ऊस गाडीतळावर रात्रीपर्यंत पडून राहतो, साखर घटते. अगदी बरोबर आहे हे, कुठल्याही पुस्तकात सापडेल. मीही मान डोलावली, आलेख काढला. सहा दिवस आलेख छान बसला.

सातव्या रात्री अगदी जवळच्या फडातला, तोडल्या तोडल्या आलेला ऊस गाळला, तरी शुद्धता पडलेलीच. मी काय केलं? ‘सॅम्पल घेताना चूक झाली असेल’ म्हणून त्या आकड्यावर बारीकशी रेघ मारली. मला आजही ती रेघ आठवते.

नवव्या रात्री आभाळ आलं, थंडी पळाली, आणि शुद्धता एकदम जागेवर आली. ऊस तोच, शिळा. तेव्हा कुठं मी उठून सॅम्पल गोळा करणाऱ्या मामांना विचारलं, की मामा, डबा कुठं ठेवता? मामा म्हणाले, “थंडीत वाफेच्या पाइपाशेजारी ठेवतो, ताई. दर तासाला गार डबा धरून हात बधिर होतात.” उबेला ठेवलेला रस. तासन्‌तास. त्यात जंतू वाढणार, साखर फुटणार, पोल पडणार. रस गिरणीत चांगला होता, आमच्या डब्यात येऊन बिघडत होता.

नऊ दिवस आम्ही चार शिकलेली माणसं उसावर भांडत होतो, पण डबा हातात धरणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. जादूवर संशोधन करणारं पात्र लिहायला जे लागतं ते सगळं या नऊ दिवसांत आहे: पटण्यासारखं चुकीचं उत्तर, न पटणारा आकडा लपवायचा मोह, आणि ज्याला कुणी माहितीच समजत नाही अशी माहिती.

दोन वह्या करा

पहिल्या वहीत जादूचं खरं कारण लिहा. एक-दोन वाक्यांत मावलं पाहिजे. दुसऱ्या वहीत पात्राला आत्ता काय वाटतं ते, तारखेनिशी. या दोन वह्या एकमेकींशी जुळल्या की गोष्ट संपली. भाचीच्या नायकाकडे एकच वही होती, तीही लेखिकेची.

माझ्या परत आलेल्या कथेचं उदाहरण घेते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं गुपित फोडल्यासारखं व्हायचं नाही. नदीकाठी एक मठ आहे. तिथले गाठकरी सुताच्या दोऱ्याला गाठ मारताना चौसष्ट अक्षरांचा मंत्र म्हणतात. तो दोरा जखमेवर बांधला की रक्त थांबतं. कधी थांबतं, कधी नाही. मठ म्हणतो, उच्चार अस्खलित हवा, त्यासाठी बारा वर्षं शिकावं लागतं. माझ्या खऱ्या वहीत एवढंच होतं: ‘मंत्राचा काही संबंध नाही. गाठ मारताना श्वास तुटता कामा नये.’

यातली गोम बघा. मंत्र मधे न थांबता म्हणायचा तर श्वास लांब लागतोच. म्हणजे ज्याचा उच्चार अस्खलित त्याचा दमही मोठा. दोन्ही गोष्टी कायम जोडीनं येतात, म्हणून एकीचं श्रेय दुसरीला जातं. असा जोड तुमच्या जादूत शोधा. नसेल तर घडवा. कांडीचं लाकूड आणि ती परवडणाऱ्याचं घराणं, पौर्णिमेचा चंद्र आणि त्या रात्री लागणारी ओहोटी. एकातून दुसरं सोडवणं हेच संशोधन, आणि वाचकालाही तिथंच मजा येते.

चुकीचं उत्तर फुकटात उधळू नका

नवे लेखक इथं घाई करतात. पात्राला चुकवतात खरं, पण असं चुकवतात की वाचकाला दोन पानं आधीच कळतं. मग पात्र मठ्ठ दिसतं. चुकीचं उत्तर असं हवं, की तुम्ही स्वतः त्या जागी असता तर तुम्हीही तेच धरलं असतं. त्यानं दोन-तीन गोष्टी खरोखर उलगडल्या पाहिजेत, आणि एकदा तरी त्यावर विसंबून काम फत्ते झालं पाहिजे.

माझी सगुणा मठाच्या कोठीचा हिशोब लिहिते. तिला गाठ मारायची परवानगी नाही, पण किती दोरे गेले आणि किती फुकट गेले हे तिच्या चोपडीत आहे. तिला दिसतं, की आषाढ-श्रावणात दोरे जास्त फुकट जातात. ती म्हणते, सूत सादळतं. किती बरोबर वाटतं! पावसाळ्यात पापड सादळतात तसं सूतही. ती आश्विनात नवं कोरडं सूत आणवते आणि फुकट जाणारे दोरे निम्म्यावर येतात. महंत तिला शालजोडी देतात.

खरं म्हणजे पाऊस संपला, गाठकऱ्यांची खोकली थांबली, दम पुन्हा पुरायला लागला. सूत बिचारं कशातच नव्हतं.

मग पौष येतो. हवा कोरडी ठणठणीत, तरी दोरे फुकट. सगुणा आणखी जोर लावते: गाठकरी बसतात त्याच ओवरीत शेगडी पेटवून सूत शेकवायला सुरुवात करते. धूर कोंडतो, माणसं खोकतात, आणि दोरे पूर्वीपेक्षा दुप्पट फुकट जायला लागतात. उपायानंच दुखणं वाढवलं. शालजोडी द्यावी लागते परत, पण तिच्या हातात पहिला खरा धागा येतो तो इथंच. उपाय उलटला की कारणाच्या जवळपास कुठंतरी हात लागलेला असतो. पात्राची हुशारी दाखवायची तर ती या क्षणी दाखवा: ती शरमेनं चोपडी मिटून ठेवते, की रात्री दिवा लावून बसते आणि विचारते, की शेगडीनं सूत तर कोरडं झालं, मग आणखी काय बदललं?

इंटरनेटवर २०१० ते २०१५ या काळात हप्त्याहप्त्यानं आलेली एलिझर युडकोवस्कीची हॅरी पॉटर फॅनफिक्शन (म्हणजे मूळ पात्रं घेऊन चाहत्यानं रचलेली गोष्ट) या बाबतीत आवर्जून बघण्यासारखी आहे. त्यातला हॅरी विज्ञान शिकून आलेला आहे. आल्या आल्या तो हर्मायनीला घेऊन मंत्रांवर प्रयोग करतो, शब्दांत खरं काही नसणार असं धरून. आणि आपटतो, तिथं उच्चाराला खरंच महत्त्व निघतं. तो हॅरी मला पुष्कळदा आगाऊ वाटतो, पण त्याचा पहिलाच अंदाज लेखकानं निर्दयपणे पाडला याबद्दल शंभर गुन्हे माफ.

‘तीनशे वर्षांत कुणाच्या कसं लक्षात आलं नाही?’

या प्रश्नाचं उत्तर नसेल तर लिहायला बसूच नका. ‘आधीचे सगळे मूर्ख होते’ हे उत्तर नाही. माझ्या मठात चार कारणं होती, आणि चारही मी कारखान्यातून उचललेली. गाठ मारायचा हक्क ठरावीक घरांनाच, म्हणजे प्रयोग झाले ते एकाच छापाच्या माणसांवर. फसलेला दोरा नदीत सोडायचा, म्हणजे अपयशाची नोंदच नाही. फसलं तर गाठकऱ्याचं पाप, त्यानं प्रायश्चित्त घ्यायचं. मग कोण कशाला सांगेल? आणि उच्चार शिकवणाऱ्यांची बारा-बारा वर्षांची गुरुदक्षिणा त्या उच्चारावरच उभी.

एक पाचवं कारण मला नंतर सुचलं आणि ते सगळ्यांत आवडतं: शंभर वर्षांपूर्वी एकाला कळलं होतं. तो गप्प बसला.

सुझाना क्लार्कच्या २००४ सालच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्ये यॉर्कच्या जादूगारांचं एक मंडळ आहे. हे सभ्य गृहस्थ जादूचा इतिहास वाचतात, निबंध वाचतात, जादू कुणीच करत नाही. एक नवखा सभासद विचारतो, की इंग्लंडात हल्ली जादू का होत नाही? मंडळी त्याच्यावरच उखडतात, हा काय विचारायचा प्रश्न झाला! कादंबरीत संशोधनाला तोंड फुटतं ते या प्रश्नानं, उत्तरानं नव्हे. आपल्याकडच्या कुठल्याही वार्षिक सर्वसाधारण सभेला गेलेल्या माणसाला तो प्रसंग घरचाच वाटेल.

प्रयोगाचा प्रसंग कुठून आणायचा

कल्पनेतून आणू नका. जादूची खरोखर परीक्षा घेतलेली माणसं इतिहासात आहेत, आणि त्यांचे प्रयोग कुठल्याही कादंबरीपेक्षा नाट्यमय आहेत.

१७८४ सालचं पॅरिस. मेस्मर नावाचा डॉक्टर आणि त्याचे शिष्य ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाच्या अदृश्य शक्तीनं रोगी बरे करतात. राजा सोळाव्या लुईनं चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए अशी माणसं. फ्रँकलिनच्या पासी इथल्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं एका जर्दाळूच्या झाडात ‘शक्ती’ भरली. बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधले आणि त्याला एकेका झाडाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. ते झाड साधं होतं, जर्दाळूपाशी तो पोचलाच नव्हता. मुलगा नाटक करत नव्हता, हे विसरू नका. जादू खोटी आणि मूर्च्छा खरी, या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात. असं एक पान लिहिता आलं तर आणखी काय हवं?

१८५३ मध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं ‘हलणारी टेबलं’ तपासली. लोक भोवती हात टेकून बसायचे, टेबल सरकायचं, आणि ते प्रेतात्मे हलवतात असं मानलं जायचं. हातांखाली मऊ चिकट लेप लावून एकावर एक पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल आधी सरकलं असतं तर खालचे थर पुढे गेले असते. पुढे गेले वरचे, म्हणजे हात टेबलाला ढकलत होते. मग त्यानं हात सरकला की हलणारी काडी बसवली. काडी समोर दिसते आहे म्हटल्यावर टेबल हलेनाच. बसलेले लोक प्रामाणिक होते, आपण ढकलतोय हे त्यांनाच माहीत नव्हतं.

१९०३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या ब्लोंदलो या प्राध्यापकानं ‘एन किरण’ नावाचे नवेच किरण शोधल्याचं जाहीर केलं, पुढं अनेकांना ते दिसूही लागले. १९०४ मध्ये रॉबर्ट वुड हा अमेरिकी शास्त्रज्ञ ते बघायला गेला. प्रयोगशाळेत अंधार, ब्लोंदलो आकडे सांगतोय. वुडनं अंधारात हळूच यंत्रातला किरण वळवणारा लोलक (प्रिझम) काढून घेतला. आकडे तेच येत राहिले. मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला माझी ती बारीक रेघ आठवली आणि ब्लोंदलोवर हसू आलं नाही.

आणि आपलं पुणं. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तिचा लेख २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवायच्या आणि कुठली कोणाची ते त्यानं ओळखायचं. कुंडल्या मागवल्या एक्कावन्न जणांनी, उत्तरं धाडली सत्तावीस जणांनी. सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. लेखकानं यातून उचलायची गोष्ट म्हणजे शिस्त: किती बरोबर आलं तर मानायचं हे आकडे येण्याआधीच ठरलेलं होतं. आणि कथाकारासाठी खरं घबाड म्हणजे उत्तरं न धाडलेली माणसं. ती कुंडल्यांचा गठ्ठा उघडून कितव्या कुंडलीवर थांबली असतील?

सगुणाच्या प्रयोगात मी पॅरिसची डोळ्यांवरची पट्टी घेतली. मेंढ्या कातरताना लागलेल्या जखमांवर दोरे बांधायचे, आणि बांधणाऱ्या पोराला दोरा कुणाचा ते माहीत नाही. पुण्याची शिस्तही घेतली. ‘दहात सात’ हे ती आधी चोपडीत लिहून खाली अंगठा उठवून घेते.

अपवाद दारातून येऊ द्या

माझ्या कथेतला अपवाद म्हणजे एक भोई, सत्तरीचा. डोहात पडलेली भांडी, कधी बुडालेली माणसं काढतो. तोंडात दात नाहीत, मंत्र ऐकून ऐकून पाठ, तोही बोबडा. त्याला मठाची पायरी चढता येत नाही, म्हणून नदीवरच गाठी मारतो, आणि त्याच्या गावात कुणाचं रक्त थांबायचं राहत नाही. सगुणाला हे कळतं ते चोपडीमुळे: त्या एका गावाहून मठाकडे दोऱ्याची मागणीच येत नाही. कोऱ्या रकान्यावर तिची नजर अडते. वाचकाला हा कोरा रकाना मी आधी दोनदा दाखवला होता, एकदा तर ती त्यावर भाजीचा हिशोब लिहिते.

खूण आधी दाखवलीच पाहिजे, नाहीतर वाचक फसवला गेला असं म्हणेल, आणि बरोबर म्हणेल.

पुढं ती भोयाला मंत्राऐवजी जात्यावरची ओवी म्हणायला लावते. गाठ टिकते. मग मठातल्या सगळ्यांत शुद्ध उच्चाराच्या गाठकऱ्याला म्हणते, एकेक अक्षर स्वच्छ म्हणा, फक्त मधे एकदा श्वास घ्या. गाठ सुटते. हे दोन प्रयोग मिळून दीड पान झालं. एवढंच पुरतं, कारण आधीची चाळीस पानं सुताची होती.

काही सुट्या गोष्टी

पात्र आपल्यापेक्षा हुशार कसं लिहायचं, असं भाचीनं विचारलं. सोपं आहे. ती एका रात्रीत जे करते त्याला तुम्ही तीन महिने घ्या. उत्तराकडून मागं या, कागद फाडा. वाचकाला फक्त रात्र दिसते.

संवादात हुशार माणूस व्याख्यान देत नाही. तो ‘माहीत नाही’ म्हणतो आणि पाठोपाठ असा प्रश्न विचारतो की समोरच्याचा घास हातातच राहतो. ‘डबा कुठं ठेवता?’ हा अख्ख्या हंगामातला सर्वोत्तम प्रश्न होता आणि त्यात एकही शास्त्रीय शब्द नव्हता.

सूत कुणी दिलं, मेंढ्या कुणाच्या, तेलाचा खर्च कोणत्या खात्यावर टाकला, हे लिहा. फॅन्टसीतले संशोधक हवेवर जगतात. खऱ्या संशोधनात निम्मा वेळ मंजुरीत जातो.

सोबत्याची निवड जपून करा. नुसतं ‘वा!’ म्हणणारा नको. ब्रँडन सँडरसनच्या ‘ऱ्हिदम ऑफ वॉर’मध्ये (२०२०) नवानी ही राणी शत्रूच्या कैदेत आहे आणि शत्रूचीच विदुषी तिच्याबरोबर संशोधन करते. दोघींना एकमेकींची बुद्धी हवी आहे आणि दोघींना काहीतरी लपवायचं आहे. त्यामुळं प्रयोगाचं साधं वर्णनसुद्धा श्वास रोखून वाचलं जातं.

आणि प्रत्येक जादूचं पोस्टमॉर्टेम हवंच असं नाही. माझ्या दुसऱ्या एका कथेत मेलेल्या आजीचा आवाज आडातून येतो. त्याचं कारण मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही, तिथं कुणी संशोधन करत नाही आणि करू लागलं तर मी त्याला आडापाशी फिरकू देणार नाही. पण एकदा पात्राच्या हातात चोपडी दिली, की मग शेवटी ‘हे मानवी बुद्धीच्या पलीकडचं आहे’ म्हणून हात झटकायचे नाहीत. परत आलेल्या कथेत मी नेमकं तेच केलं होतं. भोयाच्या गाठी सिद्ध झाल्यावर घाबरले आणि शेवटच्या पानावर देवीचा कौल आणला. संपादकांनी समासात एवढंच लिहिलं होतं: ‘मग सूत कशाला शेकवलंत?’

भाचीनं परवा नवा खर्डा पाठवला. नायक आता ग्रंथालयातून रिकाम्या हातानं बाहेर पडतो, तिसऱ्या प्रकरणात गावाची विहीर आटवून बसतो आणि लोक त्याला मारायला धावतात. पुष्कळ सुधारणा आहे. खाली निरोप होता: “आत्या, माझ्या गावात म्हातारा भोई बसत नाहीये. अपवाद म्हणून शेळी चालेल का?”

मी कळवलं, चालेल. पण शेळीची वही आधी लिही.